फलक, पत्रक आणि आपण : मांडणीकलेचे प्राथमिक पाठ

संपादक मंडळाने आमच्याकडे बँकेच्या बचत योजनांवर लेख मागितला होता. तो पुढील अंकी अवश्य देऊ. यंदा मात्र आम्ही एका सूचनापत्रकाविषयी लिहिणार आहोत. ते पत्रक आम्हीच तयार केले होते आणि त्यातील दोषही सर्वस्वी आमचाच होता.

चार वर्षांपूर्वी वसतिगृह-प्रवेशाच्या अर्जांबाबत पत्रक काढण्याचे ठरले. अक्षर बरे आणि कलाशाखेची पदवी, एवढ्या भांडवलावर ते काम आमच्याकडे आले. आम्हीही उत्साहाने लागलो. सर्वांत वर संस्थेचे नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक, दोन बाजूंना दोन छायाचित्रे, वेलबुट्टीच्या चौकटीत 'जाहीर सूचना' हे शब्द, नंतर सात ओळींची प्रस्तावना, मग कार्यकारिणीची नावे पदांसह, आणि अगदी तळाशी, जेवढी जागा उरली तेवढ्यात, अर्जाची शेवटची तारीख. पत्रक छापून आले तेव्हा सर्वांनी वाखाणले. मूर्तिजापूरकडील एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्याही ते हाती पडले. त्यांनी ते घडी घालून जपून ठेवले आणि मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी तेच घेऊन आमच्याकडे आले.

"तारीख कुठी लिहेल हाय, भाऊ?" त्यांनी विचारले.

आम्ही बोट ठेवून दाखवली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. "हाव, हाय बाप्पा. मले तं खालचे सारे नावंच वाटले," एवढेच ते म्हणाले. रागावले असते तर आम्हांला बरे वाटले असते. ती मुलगी त्या वर्षी पहाटे उठून गाडीने अकोल्याला कॉलेजला जात-येत राहिली. वसतिगृह तिला दुसऱ्या वर्षी मिळाले.

तेव्हापासून आम्ही हा विषय शिकण्यास लागलो. इंग्रजीत त्यास ग्राफिक डिझाइन म्हणतात. आपल्याकडील कला महाविद्यालयांत 'उपयोजित कला' या नावाने तो शिकवला जातो. आम्ही काही त्यातले पदवीधर नव्हे. छापखान्यातील संगणकावर काम करणाऱ्या मुलाशेजारी स्टूल टाकून बसलो, एका जुन्या पेंटरकाकांना विचारले, काही पुस्तके वाचली, बरेच कागद फुकट घालवले. जे पदरी पडले ते सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या असतील, त्यांना समतोल, लय, प्रमाण, विरोध हे शब्द ठाऊक असतील. आम्हीही ते पाठ केले होते. ते सूचनापत्रकाच्या कामी येतात हे मात्र कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर आमचे लक्ष नसावे.

आधी वाचणारा कोण ते ठरवा

कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कोण वाचणार? कुठे उभा राहून वाचणार? आणि वाचून झाल्यावर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? आमचे पत्रक वाचणारे होते पालक. ते पानठेल्यावर, एस.टी. स्टँडवर, नाहीतर शेतातून परत आल्यावर दिव्याच्या उजेडात वाचणार होते. त्यांनी करायचे होते ते एवढेच, की अमुक तारखेच्या आत अमुक ठिकाणी अर्ज द्यायचा. या उत्तरांवरून पाहिले तर तारीख व ठिकाण यांना पहिला मान हवा, आणि संस्थेचे नाव तळाशी असले तरी चालते. आम्ही नेमके उलटे केले होते. मानाप्रमाणे जागा दिली होती आणि गरजेला उरलेली जागा दिली होती.

यावर कार्यकारिणीत बराच खल झाला, तो येथे सांगण्यास हरकत नाही. नावे छापलीच नाहीत तर माणसे कामाला येणार नाहीत, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. त्यात तथ्य आहे. नावे छापू नयेत असे आम्ही म्हणत नाही. ती मागच्या बाजूस छापावीत. अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ १४ एप्रिलच्या आसपास जे फ्लेक्स लागतात, त्यांपैकी कित्येकांवर तीस-चाळीस चेहरे असतात. कार्यक्रम कुठे आणि किती वाजता आहे, हे मात्र कोणाला तरी विचारूनच घ्यावे लागते.

पूर्वीच्या मंडळींनी या गोष्टीचा विचार केला होता असे दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले, त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. आतील रकाने वाचण्यापूर्वीच, हे पत्र कोणत्या मनोवृत्तीने बोलणार आहे याची कल्पना वाचकास येत असे. मथळ्याचे काम हेच होय.

सगळेच मोठे केले तर काहीच मोठे राहत नाही

दुसरा पाठ विरोधाचा. अक्षर मोठे दिसते ते शेजारी लहान अक्षर असते म्हणून. आमच्या पत्रकात 'जाहीर सूचना' ठळक होते, संस्थेचे नाव ठळक होते, अध्यक्षांचे नाव ठळक होते. सभेत सर्वांनी एकाच वेळी बोलावे तसा तो प्रकार होता. एका कागदावर एकच गोष्ट सर्वांत मोठी असावी, दोन किंवा तीन मध्यम असाव्यात, बाकीच्या साध्या. फरक करायचा तर तो स्पष्ट करावा. चौदाच्या शेजारी सोळा मापाचे अक्षर ठेवले तर चूक झाल्यासारखे वाटते. चौदाच्या शेजारी तीस ठेवले तर हेतू कळतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. पत्रक भिंतीला चिकटवावे, आठ-दहा पावले मागे जावे आणि डोळे अर्धवट मिटून पाहावे. जे दिसत राहील तेच वाचणारा प्रथम वाचणार. फलक असेल तर अक्षराच्या उंचीचा एक ढोबळ हिशेब आहे : वाचणारा जितक्या फुटांवर उभा असेल त्याच्या दर दहा फुटांमागे एक इंच. चौकाच्या पलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून, वाचायचे असेल तर मुख्य ओळ किमान सहा इंच उंच हवी.

आम्ही नोकरीनिमित्त बडनेरा ते अकोला असा रेल्वेचा प्रवास करतो. कुरुम, मूर्तिजापूर, बोरगाव ही स्थानके रोज डोळ्यांपुढून जातात. फलाटाच्या टोकाला जो पिवळा फलक असतो, तो पुढच्या वेळी लक्ष देऊन पाहावा. पिवळ्यावर काळी अक्षरे, गावाचे नाव आणि क्वचित एखादी बारीक ओळ. कोणाचे छायाचित्र नाही, वेलबुट्टी नाही. चालत्या गाडीतून, झोपेतून दचकून उठलेल्या माणसालाही तो वाचता येतो. मांडणीकलेचा इतका उत्तम व फुकट पाठ दुसरा नसेल.

जवळचे जवळ, लांबचे लांब

तिसरा पाठ आम्हांला आमच्या काउंटरवर मिळाला. एका जुन्या पैसे भरण्याच्या स्लिपवर, कोणत्या बँकेच्या ते महत्त्वाचे नाही, खातेदाराच्या सहीची रेघ आणि 'कार्यालयीन उपयोगाकरिता' ही जागा अगदी लागून होती. दहांपैकी तीन-चार जण कार्यालयाच्या जागेतच सही करीत. आम्ही त्यांच्यावर खेकसत असू. "वाचता येत नाही का?" असेही म्हटले असेल. आता कळते की वाचता येत होते, मांडणीच चुकीचे सांगत होती. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की डोळा त्यांना एक समजतो. मधे बोटभर मोकळी जागा असती तरी पुष्कळ होते. याउलट धनादेशावरील तारखेचे आठ चौकोन पाहावेत. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार वर्षाचे. काय व किती लिहायचे ते चौकोनच सांगतात, तोंडाने सांगावे लागत नाही.

तेव्हा पत्रक करताना मजकुराचे गट पाडावेत. कधी आणि कुठे हा एक गट. कोणती कागदपत्रे लागतील हा दुसरा. चौकशीसाठी संपर्क हा तिसरा. गटाच्या आत ओळी जवळ, दोन गटांमध्ये अंतर जास्त. आणि सर्व गट डावीकडे एकाच सरळ रेषेत सुरू व्हावेत. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो तसा कागदावरही पेन्सिलीने एक उभा ओळंबा सोडावा आणि प्रत्येक ओळ त्याला टेकवावी. आपल्याकडे सगळेच मधोमध घेण्याची सवय आहे. लग्नपत्रिकेला ते शोभते. कागदपत्रांची यादी मधोमध घेतली तर प्रत्येक ओळीची सुरुवात शोधावी लागते आणि कमी शिकलेला माणूस तिथेच अडखळतो.

मोकळ्या जागेबद्दल तर आमचे खजिनदार अजूनही नाराज आहेत. पूर्ण कागदाचे पैसे दिले, मग चौथा हिस्सा कोरा का? आम्ही त्यांना त्यांच्याच शेतातले उदाहरण दिले. कपाशी दाट लावली तर झाडे वाढतात, बोंडे धरत नाहीत. यावर ते हसले, पटले की नाही ते सांगता येत नाही. आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताच्या छायाप्रती काही ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि पानांची सजावट नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शांतिनिकेतनच्या कलावंतांनी केली. सजावट भरपूर आहे, पण वेलबुट्टी पानाच्या कडेला राहते आणि मजकुराच्या अंगावर येत नाही. चौकट कशी करावी हे तेथे पाहून शिकावे.

आपली अक्षरे

आता जो भाग आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो सांगतो. मांडणीवरील बहुतेक पुस्तके इंग्रजी अक्षरे समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यातले नियम जसेच्या तसे मराठीला लावले की घोटाळा होतो. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. 'पौर्णिमा' या एका शब्दात शिरोरेषेच्या वर केवढी गर्दी आहे ते पाहा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे लागते. जागा वाचवण्यासाठी ओळी दाबू नयेत, त्यापेक्षा दोन वाक्ये कमी करावीत.

इंग्रजीत मथळ्याची अक्षरे सुटी-सुटी ताणण्याची पद्धत आहे. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तसेच संगणकावर माउसने ओढून अक्षर रुंद किंवा उंच करू नये, त्यामुळे उभ्या व आडव्या रेघांच्या जाडीचे प्रमाण बिघडते.

एक चूक तर आपल्या घरचीच आहे. कित्येक फलकांवर 'बुध्द' असे छापलेले असते, 'सिध्दार्थ', 'शुध्द' असेही असते. खरे जोडाक्षर आधी द आणि मग ध असे आहे : बुद्ध, सिद्धार्थ, शुद्ध. संगणकावर आधी द, मग हलन्त, मग ध अशा कळा दाबाव्यात. हजारो रुपये खर्चून लावलेल्या फलकावर तथागतांचेच नाव अशुद्ध असावे हे आम्हांला तरी खटकते. छापखान्यातून आलेले मुद्रित एकाऐवजी दोघांनी तपासावे, आणि त्यातला एक मजकूर लिहिणारा नसावा, कारण त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

ही अक्षरे आपल्यापर्यंत सहज आलेली नाहीत. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे जे ठसे कोरले, त्यांच्या सुबकपणाची ख्याती देशभर झाली. हा कारागीर मनुष्य पोलादाच्या लहानशा तुकड्यावर उलटे अक्षर कोरत असे. पुढे शिशाचे खिळे गेले, संगणक आले. मंगल हे अक्षर, जे आजही असंख्य संगणकांवर आहे, ते र. कृ. जोशी यांनी घडवले. १९३६ साली जन्मलेले हे अक्षरकार २००८ मध्ये निवर्तले. कवी होते, शिक्षकही होते. अलीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले मुक्त व बालू हे टंक कोणालाही विनामूल्य घेता येतात. आम्ही संस्थेच्या कामासाठी मुक्त वापरतो. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा आणि हिंदी 'ल' दांडीचा, हाही भेद ध्यानात ठेवावा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचाच 'ल' व 'श' प्रमाण मानला आहे. एका पत्रकात दोहोंपेक्षा अधिक प्रकारची अक्षरे वापरू नयेत. संगणकात दोनशे आहेत म्हणून दोनशे वापरावीत असे नाही.

रंग आणि चिन्ह

रंगाबद्दल थोडक्यात. निळ्यावर लाल अक्षरे हा आपल्याकडील आवडता प्रकार आहे. दोन्ही रंग जवळपास सारखेच गडद असल्यामुळे कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि वाचणे कठीण जाते. निळ्यावर पांढरे किंवा पिवळे अक्षर घ्यावे. शंका असल्यास फलकाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. त्यात अक्षर व पार्श्वभूमी एकसारखी करडी दिसली तर रंग बदलावेत.

पंचशील ध्वज आपण नेहमी पाहतो, पण मांडणी म्हणून कधी पाहिला आहे काय? १८८५ साली कोलंबो येथे एका समितीने तो तयार केला. प्रथम तो फार लांब होता, तेव्हा कर्नल ऑल्कॉट यांनी तो नेहमीच्या ध्वजांच्या मापाचा करावा असे सुचवले. पुढे १९५० मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व संघाने तो स्वीकारला. निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी असे पाच उभे पट्टे सारख्या रुंदीचे, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे रचलेले. पाच वेळा एकच लय आणि सहाव्या वेळी तिलाच दिलेले वळण, यामुळे तो लांबूनही चटकन ओळखू येतो. ग्रेड परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी लय व ऐक्य या तत्त्वांसाठी हे उदाहरण जरूर लिहावे.

चिन्हाचे सामर्थ्य आपल्या देशाने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पाहिले. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता अवघी अठरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून मतपेट्यांवर चिन्हे लावली गेली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. हत्ती काळ्या एका रंगात, अंगठ्याएवढा छापला तरी हत्तीच दिसतो. चांगल्या चिन्हाची हीच कसोटी. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर होता, तो काढायला पेंटर लागत नसे. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ १९७१ मध्ये शेखर कामत यांनी केले. रुपयाचे चिन्ह उदयकुमार यांनी केले, ते १५ जुलै २०१० रोजी शासनाने स्वीकारले. त्यात देवनागरी 'र' आहे, रोमन 'आर' आहे आणि वर आपली शिरोरेषा आहे. काउंटरवर दिवसातून शेकडो वेळा ते लिहिताना आम्हांला अजून कंटाळा आलेला नाही.

आपल्या संस्थेच्या बोधचिन्हात मात्र चक्र, पुस्तक, पेन, उगवता सूर्य, कमळ, दोन हात आणि गोलाकार लिहिलेले पूर्ण नाव, असे सर्व आहे. शिक्क्यावर त्याचा काळा ठिपका उमटतो. हा विषय पुढील सर्वसाधारण सभेत मांडण्याचा आमचा विचार आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास

एक ए-४ कागद घ्यावा व मधोमध घडी घालावी. अर्ध्या कागदाचे प्रमाण मूळ कागदासारखेच राहते, म्हणून एका कागदात दोन पत्रके निघतात व खर्च निम्मा होतो. आता घरात आलेले कोणतेही एक पत्रक निवडावे. त्यातील मजकूर वेगळ्या कागदावर साध्या अक्षरात उतरवून काढावा आणि प्रत्येक ओळीपुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा घालावा. एक म्हणजे हे वाचल्याशिवाय चालणार नाही. तीन म्हणजे नसले तरी चालेल. आकडे घालताना कोणाचाही मान मनात आणू नये. मग फूटपट्टी व पेन्सिल घेऊन मांडणी करावी. संगणकावर नंतर बसावे. छायाचित्र हवेच असेल तर व्हॉट्सॲपवरून आलेले वापरू नये, पाठवताना ते लहान होते व छापल्यावर पुसट दिसते. मूळ छायाचित्र मागून घ्यावे.

यंदाचे वसतिगृह-प्रवेशाचे पत्रक आम्ही याच पद्धतीने केले आहे. वर तीस मापाच्या अक्षरात 'अर्जाची शेवटची तारीख' आणि त्याखाली तारीख. मग मोकळी जागा. मग चार कागदपत्रांची यादी, डावीकडे ओळंब्यात. तळाशी संस्थेचे नाव, आणि पदाधिकाऱ्यांची नावे मागील बाजूस. छापण्यापूर्वी कच्ची प्रत घेऊन आम्ही मूर्तिजापूरला त्याच गृहस्थांकडे गेलो. प्रत त्यांच्या हाती दिली, मनात पाच आकडे मोजले आणि परत घेतली.

त्यांनी तारीख बरोबर सांगितली. मग विचारले, "पन अर्ज द्याचा कुठी, भाऊ?"

पत्ता आम्ही चौदा मापात, तळाशी, संस्थेच्या नावाला लागून ठेवला होता. तो आता तारखेच्या खाली वर घेतला असून वीस मापात केला आहे. पुढील रविवारी दुसरी कच्ची प्रत निघेल.